आत्याला मोकळं करताना

प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी त्या दिवशी काढला नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. कागद काढायला तीन सेकंद लागले. झाकण उघडायचं, हिरवी खिटी दाबायची, कागद सरळ ओढायचा. हे सगळं झाकणाच्या आतल्या बाजूला चित्रासकट छापलेलं आहे. पण आमच्या बीज-परीक्षण प्रयोगशाळेत छापलेलं वाचणारी माणसं कमी, आणि वाचून तसंच करणारी त्याहून कमी. साहेबांनी ते पाहिलं आणि "मॅडमना यंत्रांतलं कळतं" असं मत बनवलं. साहेबांचं मत एकदा बनलं की ते बदलायला फाईल फिरवावी लागते.

म्हणून वायरकाका निवृत्त झाले तेव्हा यंत्रांच्या खोलीची किल्ली माझ्या हातात आली. वायरकाका म्हणजे आमची यंत्रं सांभाळणारे गृहस्थ. खांद्यावर कायम वायरचं वेटोळं, म्हणून हे नाव. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "तीस वर्षं फोन आला की धावलो. आता कुणाचाही आला तरी उचलणार नाही." माणूस शब्दाचा पक्का. मी सतरा वेळा लावून पाहिला आहे.

खोली अरुंद आहे. एका भिंतीला लोखंडी मांडणी, तिच्यात सहा संगणक. त्यांचा सगळा कारभार माझ्या टेबलावरच्या एका प्रणालीतून चालतो. कुणी कुठलं काम करायचं, कुणी झोपायचं, कुणी उठायचं, ते ती ठरवते. सहाही यंत्रांना वायरकाकांनी नात्यांची नावं दिली होती. आजी, आत्या, काकू, मामी, मावशी आणि वहिनी. प्रत्येकीच्या कपाळावर तशी चिठ्ठी. "नंबराने हाक मारली तर कोण ओ देईल?" असं ते म्हणत. मला हे शास्त्रीय वाटलं नव्हतं, पण आजी सर्वांत हळू चालते आणि वहिनीला एकाच वेळी चार कामं दिलेली असतात, हे मी पडताळून पाहिलं आहे.

आत्या मोठ्या बाईंची. मोठ्या बाई म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख. आवाज हळू, चष्मा दोरीला, आणि अकरा वर्षं डोक्यात एकच प्रश्न: जुनं बी किती वर्षं जिवंत राहतं? ओल्या कागदावर बिया मांडायच्या, वर कॅमेरा, आणि आत्याने मोजायचं. उगवलेले किती, न उगवलेले किती, शंकास्पद किती. वायरकाकांनी आत्याला एवढंच वळण लावलं होतं. कॅमेरा जोडला की समोर जे असेल त्याचा फोटो काढायचा आणि निकाल सांगायचा, उलट प्रश्न विचारायचे नाहीत. अकरा वर्षांत एक्केचाळीस हजार दोनशे सोळा फोटो जमले होते. त्यांवरून शेवटचा तक्ता करायचा, अहवाल द्यायचा आणि महिनाअखेरीला निवृत्त व्हायचं, एवढं मोठ्या बाईंचं उरलं होतं. फोटो नाहीत तर तक्ता नाही, आणि तक्ता नाही तर अकरा वर्षं बाई ओल्या कागदाकडे बघत बसल्या होत्या, एवढंच सिद्ध होणार होतं.

सोमवारी साहेब खोलीच्या दारात आले. आत येत नाहीत. पंख्यांच्या आवाजाने त्यांचं डोकं उठतं.

"मॅडम, शुक्रवारपर्यंत आत्या खाली स्वागतकक्षात द्या. तिथलं मशीन गेलं. मोठ्या बाईंचं मोजून झालंय ना?"

"मोजून झालंय, अहवाल व्हायचाय."

"मग ते फोटो दुसरीकडे ठेवा आणि आत्याला पुसून-बिसून द्या. तुम्हाला काय, पाच मिनिटांचं काम!"

मी वही काढली. मला वहीशिवाय सुचत नाही. पहिल्या पानावर सहा यंत्रांचा तक्ता केला: कुणावर काय आहे. आजीवर जुनी पत्रं, आत्यावर फोटो, काकू रिकामी, आणि असंच पुढे. खाली तारीख घातली, रेघ मारली. मग प्रणाली उघडली आणि आत्याच्या नावावर टिचकी मारली.

पाच पर्याय आले. रिमूव्ह, रीसेट, रिलीज, डिलीट, रिटायर.

विज्ञानात एका गोष्टीला एक शब्द असतो. म्हणून तर मी विज्ञानात रमले. इथे निरोप देण्याच्या पाच तऱ्हा होत्या आणि कशाने काय होतं याचा पत्ता नव्हता. प्रणालीबरोबर चारशे बारा पानांची पुस्तिका आली होती. तीत लिहिलं होतं: 'रिलीज: या पर्यायाने यंत्र रिलीज होते. पाहा: रिटायर.' रिटायरखाली होतं, 'जे यंत्र रिलीज करायचे नाही, त्यासाठी.' रिमूव्हखाली 'डिलीट पाहा', आणि डिलीटखाली 'रिमूव्हशी गल्लत करू नये.' ही सूचना मला वैयक्तिक वाटली. रीसेटला तर पुस्तिकेत जागाच नव्हती. तो बहुधा नंतर जन्मला असावा.

मदतीसाठी एक क्रमांक होता. तिथला आवाज फार गोड होता.

"मॅडम, रिमूव्ह म्हणजे रिमूव्ह."

"ते कळलं. पण यंत्रावरचं सगळं राहतं की जातं?"

"ते तुम्ही काय करता त्यावर आहे, मॅडम."

"मी रिमूव्ह करते."

"हां, मग रिमूव्ह होईल."

संध्याकाळी घरी जेवताना मी ते पाच शब्द कागदावर लिहून मध्ये ठेवले. आमच्याकडे शेजारचे निबंधककाका आले होते. ते जन्म-मृत्यू नोंदणीच्या कार्यालयातून निवृत्त झालेत आणि आमच्याकडे जेवायची वेळ बरोबर ओळखतात. आमच्या ह्यांची नोकरी आस्थापना विभागात. आयुष्य लोकांच्या बदल्यांचे आदेश काढण्यात गेलेलं.

"यात विचार करण्यासारखं काय आहे?" हे म्हणाले. "रिलीज म्हणजे कार्यमुक्त. सन्मानाने. हार, नारळ, दोन शब्द. सगळ्यांत सभ्य पर्याय तोच. बाकीचे शब्द ऐकूनच कसंतरी होतं."

"डिलीट," निबंधककाकांनी बोट ठेवलं. "सूनबाई, हा घाबरण्यासारखा नाही. डिलीट म्हणजे नोंद रद्द. नोंद रद्द केली म्हणून माणूस मरत नाही. मी स्वतः एका गृहस्थांची नोंद चुकून रद्द केली होती. नऊ वर्षं ते दर महिन्याला येऊन माझ्याशी भांडत. तब्येत ठणठणीत!"

"मग रिमूव्ह?"

"ते आमच्याकडे नव्हतं," काका म्हणाले आणि भाजी वाढून घेतली.

सासूबाईंनी कागद चष्म्याजवळ नेला, लांब नेला, परत ठेवला. "इतक्या पद्धतींनी घालवायचं तर आणली कशाला होती?" त्यांनी विचारलं. या प्रश्नाचं उत्तर पुस्तिकेतही नव्हतं.

मंगळवारी मी शहाण्यासारखं पहिलं काम केलं: फोटोंची नक्कल. जास्तीची साठवण-पेटी मागितली होती, पण तो अर्ज दोन वर्षं 'विचाराधीन' होता. म्हणून फोटो काकूवर घेतले. सबंध सकाळ गेली. संख्या दोनदा जुळवली. एक्केचाळीस हजार दोनशे सोळा. वहीच्या तिसऱ्या पानावर नोंद केली, सही केली. तिसऱ्या पानावर. पहिल्या पानावरचा तक्ता तसाच राहिला. हे लक्षात ठेवा, कारण मी ठेवलं नाही.

दुपारी मी रिमूव्ह दाबलं. आत्या यादीतून नाहीशी झाली. खोलीत जाऊन पाहिलं तर आत्या जागच्या जागी, पंखा फिरतोय, दिवा लुकलुकतोय. फक्त आता तिला कुणी काही सांगू शकत नव्हतं. बंद हो म्हणायचं तरी यादीत नाव हवं. घरातल्या काही वडीलधाऱ्या माणसांची अशी अवस्था मी पाहिली आहे, पण ती इथे लिहीत नाही.

तरीही यंत्र खाली न्यायला हरकत नव्हती, असं मला वाटलं. भांडारपालांना तसं वाटलं नाही. भांडारपाल म्हणजे संस्थेतली प्रत्येक खुर्ची आणि टाचणी ज्यांच्या रजिस्टरात आहे ते. दाराबाहेर काही न्यायचं तर त्यांची चिठ्ठी लागते.

"यादीची छापील प्रत आणा," ते म्हणाले. मी आणली. त्यांनी पट्टी ठेवून वाचली. "यात पाच यंत्रं आहेत."

"सहावं न्यायचंय."

"सहावं नाहीच आहे."

"अहो, ते वर मांडणीत आहे. चला, दाखवते."

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. जे नाही ते मी बाहेर कसं जाऊ देऊ? उद्या ते परत आलं तर मी जमा कुठे करू?"

या युक्तिवादात चूक कुठे आहे ते मी जिना चढेपर्यंत शोधत होते. सापडली नाही.

मग आत्याला परत यादीत घेतलं. ते झालं, पण प्रणालीच्या आठवणीत 'आत्या' हे नाव आधीच खर्ची पडलेलं होतं. दुसऱ्या कुणाला ते मिळेना, खुद्द आत्यालाही मिळेना. नाव नसलेल्या यंत्राला ही प्रणाली स्वतःच दोन इंग्रजी शब्द जोडून नाव देते. आत्याच्या वाट्याला 'ब्रेव्ह पिलो' आलं. शूर उशी. मी छापील प्रत घेऊन पुन्हा खाली गेले.

भांडारपालांनी पट्टी ठेवली. "ही कोण?"

"हीच आत्या."

"रजिस्टरात आत्या आहे. नाव बदललंय तर साहेबांची सही लागेल."

साहेबांनी 'आत्या ऊर्फ ब्रेव्ह पिलो, एकच यंत्र' असं लिहून सही केली. ही त्यांची त्या वर्षातली सर्वांत जलद सही होती. तेवढ्या वेळात ही बातमी मजलाभर झाली आणि "काय मॅडम, उशी कशी आहे?" असं मला जिन्यात तिघांनी विचारलं. मी कुणाला उत्तर दिलं नाही. माझी प्रतिष्ठा त्या आठवड्यात फार मोठी नव्हती, पण होती तेवढी जपणं भाग होतं.

बुधवारी रीसेट. हा शब्द मला तरी स्पष्ट वाटला. दाबला. थोड्या वेळाने आत्या नव्याने जन्मल्यासारखी उठली. तिने मला भाषा विचारली, देश विचारला, घड्याळात किती वाजले ते विचारलं. अकरा वर्षांची ओळख आणि मला म्हणते, 'सुस्वागतम्, नवीन वापरकर्ते!' मला जरा लागलंच. पण मनात म्हटलं, पाटी कोरी झाली. फोटो काकूकडे सुखरूप आहेत. झालं काम.

गुरुवारी भांडारपालांनी एक छापील नमुना पुढे केला. सातव्या रकान्यात होतं: 'प्रणालीत यंत्राची स्थिती: रिलीज्ड (प्रत जोडावी).'

"रीसेट केलंय," मी म्हटलं.

"चांगलं केलंत. पण रकाना रिलीजचा आहे."

आता आत्यावर एकदम काही दाबायला मी तयार नव्हते. कुठलीही नवी गोष्ट आधी जिथे नुकसान होणार नाही अशा ठिकाणी करून पाहायची, हे मला महाविद्यालयात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. बीजाला औषध लावायचं तर आधी टाकाऊ बीजाला लावतात. मी वही उघडली, पहिलं पान. सुंदर तक्ता, खाली तारीख, खाली रेघ. 'काकू: रिकामी.'

मी काकूवर रिलीज दाबलं. सभ्य शब्द. हार, नारळ, दोन शब्द.

वीस मिनिटं काकू गुणगुणत होती. मी तेवढ्यात प्रत कशी दिसते ते बघायला यादी छापली, आणि दारात थांबलेले भांडारपालांचे सहायक ती घेऊन निघूनही गेले. मग पडद्यावर आलं: 'काकू रिलीज झाली. यंत्रावरील सर्व काही कायमचे पुसले आहे. पुढील वापरासाठी शुभेच्छा.'

सर्व काही म्हणजे काय पुसलं ते मला आठ-दहा सेकंद कळेना. रिकामं पुसलं तर रिकामंच राहणार. मग मी वहीचं पान उलटलं, पुन्हा उलटलं, आणि तिसऱ्या पानावर माझीच सही मला दिसली.

त्या दुपारी मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. मदत क्रमांकावर फोन केला, एवढं आठवतं. "रिलीजमध्ये पुसलं जातंच, मॅडम," गोड आवाज म्हणाला. "नाव रिलीज आहे ना!" आत्याकडे धावण्यात अर्थ नव्हता, कारण आत्याला मीच रीसेट केलं होतं. शिवाय आत्या जागेवरही नव्हती. छापील यादीत 'रिलीज्ड: १' असं आलेलं पाहून भांडारपालांनी चिठ्ठी फाडली होती. एक सुटलं, एक बाहेर गेलं. कुठलं सुटलं हा रकाना नमुन्यात नव्हता.

घरी मी जेवले नाही. हे म्हणाले, "रिलीज इतका सभ्य शब्द..." आणि माझ्याकडे बघून थांबले. निबंधककाकांनी मात्र गंभीरपणे चौकशी केली. "डिलीट केलं असतंस तर नुसतं नाव गेलं असतं," ते म्हणाले. त्यांचं बरोबर असणं हे त्या वेळी मला मुळीच उपयोगाचं नव्हतं.

सासूबाई उठल्या, माझ्यापुढे दहीभात ठेवला आणि म्हणाल्या, "उद्या गेल्या गेल्या सांगून टाक. कारण सांगत बसू नकोस. आधी काय झालं ते, मग कारण."

शुक्रवारी सकाळी मोठ्या बाई आपल्या टेबलाशी पेन्सिलीला टोक करत होत्या. कोरी तक्तापत्रकं समोर मांडलेली होती. मी दार लोटलं आणि उभ्याउभ्याच बोलले.

"बाई, फोटो गेले. दोन्हीकडचे. माझ्या हातून."

त्यांनी टोक पूर्ण केलं. फुंकर मारली. "किती?"

"सगळे."

मग त्यांनी कोरी पत्रकं एकावर एक नीट रचली, कडा जुळवल्या. मला त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"तू संख्या दोनदा जुळवली होतीस?"

"हो."

"वाटलंच," त्या म्हणाल्या. "बस आधी."

मी बसले आणि तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. मोठ्या बाईंनी उचलला, ऐकलं, आणि माझ्याकडे धरला. "स्वागतकक्षातून आहे. उशीबद्दल."

स्वागतकक्षात बसणाऱ्या बाई कधी घाबरत नाहीत. त्या दिवशी त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मॅडम, जरा खाली या हो. तुमचं मशीन पाहुण्यांना नापास करतंय."

आम्ही दोघी जिना उतरलो. स्वागताच्या टेबलावर आत्या बसवली होती. तिला पडदा जोडला होता आणि येणाऱ्यांच्या ओळखचिठ्ठीसाठी कॅमेराही. कॅमेरा जोडला होता, त्यामुळे आत्याने वळणाप्रमाणे काम सुरू केलं होतं. पडद्यावर ठळक अक्षरांत होतं: 'एकूण: १४. उगवलेले: ९. न उगवलेले: ३. शंकास्पद: २.' टेबलासमोर एक गृहस्थ आपली चिठ्ठी हातात धरून उभे होते. फोटोखाली छापलं होतं: 'न उगवलेला.'

"हे कशावरून?" त्यांनी मला विचारलं. "मी वेळेवर आलोय."

"आणि साहेब? तेही सकाळी इथूनच वर गेले ना?" मी स्वागतबाईंना हळूच विचारलं.

त्यांनी ड्रॉवरमधून एक चिठ्ठी काढून फक्त मला दाखवली. 'शंकास्पद. चार दिवसांनी पुन्हा पाहावे.' "मी त्यांना अजून दिली नाहीये," त्या म्हणाल्या.

मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्या पडद्याकडे बघत होत्या, आणि त्यांनी माझा दंड घट्ट धरला. "अगं, हिला मोजता येतंय."

"हो, पण रीसेट..."

"मोजता येतंय म्हणजे काहीच विसरलेली नाही. बघ!"

मी त्या गृहस्थांना बाजूला केलं. त्यांची क्षमा नंतर मागितली, आत्ता वेळ नव्हता. कळफलक ओढला, आत शिरले. रीसेटने भाषा, देश, घड्याळ आणि सांकेतिक शब्द तेवढे नवे केले होते. आतल्या सामानाला हातसुद्धा लावला नव्हता. मी संख्या मागितली. चाळीस हजार नव्हे, एक्केचाळीस नव्हे. एक्केचाळीस हजार दोनशे तीस.

"चौदा जास्त आहेत," मी म्हटलं.

"ते आजचे पाहुणे," मोठ्या बाई म्हणाल्या. "ते तक्त्यात घ्यायचे नाहीत."

भांडारपालांनी रकाना वाचला असता आणि यंत्र पाहिलं असतं, तर त्यांनी आत्याला परत वर पाठवलं असतं, मी तिला सभ्यपणे रिलीज केलं असतं, आणि अकरा वर्षं तिथेच संपली असती. मी त्यांना मनापासून धन्यवाद द्यायला गेले. ते म्हणाले, "कशाबद्दल ते लेखी द्या." मी दिलं. त्यांनी आवक नोंद करून घेतली.

दुपारभर आम्ही फोटो तीन ठिकाणी उतरवले. आजीवर, मावशीवर आणि साहेबांच्या स्वतःच्या संगणकावर, कारण तिथे भरपूर जागा होती. संख्या मी जुळवली, मग मोठ्या बाईंनी जुळवली. पहिल्या पानावरचा तक्ता खोडून नवा केला. त्यानंतर आत्यावर डिलीट दाबून पाहिलं. निबंधककाकांचं अक्षरशः बरोबर निघालं. नोंद गेली, नाव मोकळं झालं, यंत्र ठणठणीत. पुन्हा यादीत घेताना आत्याला तिचं नाव परत मिळालं. मोजायचं वळण तेवढं काढून घेतलं, म्हणजे आता खाली कुणी नापास होत नाही. ती 'न उगवलेला' चिठ्ठी त्या गृहस्थांनी परत केली नाही. घरी दाखवायला नेली, असं कळलं. साहेबांची चिठ्ठी कुठे आहे ते मला आणि स्वागतबाईंना माहीत आहे.

महिनाअखेरीच्या आदल्या दिवशी मोठ्या बाईंचा तक्ता पूर्ण झाला. त्या तो घेऊन यंत्रांच्या खोलीत आल्या, मांडणीच्या लोखंडाला टेकून उभ्या राहिल्या आणि माझी वही मागितली. पाच शब्दांपुढे मी आता नीट अर्थ लिहिले होते. एकेक पडताळून, तारखेसह. त्यांनी बोट फिरवत वाचलं. रिमूव्ह: यंत्र राहते, यादीतून जाते. रीसेट: ओळख नवी, आठवण जुनी. रिलीज: सर्व पुसते, शुभेच्छा देते. डिलीट: फक्त नोंद जाते. पाचव्या ओळीवर बोट थांबलं.

"रिटायरपुढे काही नाही?"

"ते अजून कुणी करून पाहिलेलं नाही, बाई."

त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, त्या रिकाम्या जागेत उद्याची तारीख लिहिली आणि वही मला परत दिली. "जागा राखून ठेव," त्या म्हणाल्या. "महिनाभराने येऊन सांगते."